कोमट फडकं

लेक : कढत नको हं वहिनी. हाताला सोसेल इतकंच.

सून : तेवढंच आहे. हे घ्या भांडं, हे फडकं, हा ट्रे. आणि आज पट्टी तुम्ही काढायची, ताई. मी नाही.

लेक : मी कशी काढू? मी जन्मात कुणाची पट्टी काढलेली नाही.

सून : मग शिका. पट्टीचा गोंद तुमच्या प्रयोगशाळेतला, पाय तुमच्या वडिलांचा. मी मध्ये कशाला?

लेक : इतकी वर्षं तूच काढतेस, म्हणून.

सून : म्हणूनच नको. हळू बोला, आत ऐकू जाईल. तुम्ही येता महिन्या-दोन महिन्यांनी, तुम्हाला काय दिसणार? हा ट्रे उचलला की त्यावरची कात्री वाजते. ती वाजली की आप्पांचं बोलणं बंद. रेडिओ चालू असेल तर तोही बंद करतात. मी दारात पोचेपर्यंत पलंगाची दांडी घट्ट धरून बसलेले असतात. पी.टी.चे मास्तर, अख्खी शाळा ज्यांच्या शिटीला घाबरायची, ते माझ्या पावलांना घाबरतात.

लेक : तुला नाही गं घाबरत. पट्टीला घाबरतात.

सून : सांगायला सोपं आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला साधी सायकल येत नव्हती. आप्पा रोज सकाळी शाळेच्या मैदानावर न्यायचे आणि सीट धरून माझ्यामागे पळायचे. लोक हसायचे, सासरा सुनेच्या सायकलमागे धावतोय म्हणून. त्या माणसाची कातडी मी माझ्या हाताने सोलते, ताई. दिवसाआड. घोट्यावरची जखम मधून भरत येते आणि कडेची कातडी पट्टीबरोबर निघून येते. पापुद्रा झालाय नुसता. डॉक्टरांनीच सांगितलं, जखम आता आजाराने वाढत नाहीये, पट्टी काढण्याने वाढतेय. म्हणजे कोणामुळे?

लेक : गोंदामुळे. डॉक्टर गोंदच म्हणाले. मी होते तिथे.

सून : हात माझे होते.

लेक : दादा कुठाय? त्याने कधी काढली नाही?

सून : तुमच्या दादाला पट्टीच्या दिवशी गाडी धुवायची असते. एवढी लख्ख गाडी अख्ख्या गल्लीत दुसरी नाही.

लेक : आत्ताही खालीच असेल.

सून : बादली घेऊन गेलेत मघाशीच. हसू नका. मला खरंच नाही जमणार आज.

लेक : वहिनी, ही पट्टी तसली नाही.

सून : मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतात. स्वतःच्या हातावर लावून आला होतात आणि जेवताना ती तुमच्याच ताटात पडली.

लेक : ती चूक आमची. गोंद शोधून देणाऱ्या त्या यंत्राची नाही. आम्ही त्याला म्हटलं, काढताना कमीत कमी दुखेल असा गोंद शोध. त्याने शोधून दिला. जो चिकटतच नाही, तो काढताना दुखेल कसा? आम्ही सगळे शिकलेसवरलेले एकमेकांची तोंडं बघत बसलो.

सून : तुमच्या दादांसारखंच की. दुधाकडे बघा म्हटलं, तर उतू जाईपर्यंत बघत उभे राहतात.

लेक : अगदी तसंच. मग म्हटलं, नाही बाबा, घट्ट चिकटायला हवा. तर असला दिला, की हे बघ, मनगटापासून वरचे सगळे केस गेले. अजून उगवतायत.

सून : अगंबाई! सोललेला बटाटा नुसता.

लेक : प्रयोगशाळेत सगळ्यांचे हात असेच आहेत. उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचं घालायची पंचाईत.

सून : मग आता काय वेगळं?

लेक : आता मागणंच बदललं. कोरडी आहेस तोवर धरून ठेव, आणि कोमट ओलं फडकं ठेवलं की सोड. नुसत्या घामाने सुटायचं नाही, नुसत्या उन्हानेही सुटायचं नाही. ओल आणि ऊब दोन्ही मिळाली तरच.

सून : फडकं? हे असलं?

लेक : हेच.

सून : ताई, एक सांगू? हे फडकं मी दर वेळी ठेवते ना, त्याने काही होत नाही. जुन्या पट्टीच्या आत पाणी शिरतच नव्हतं. मी आपली माझ्यासाठी ठेवायचे. हात पुढे व्हायचा नाही, म्हणून तेवढाच वेळ काढायचा. आप्पांना वाटायचं, हाही उपचारच आहे काहीतरी.

लेक : माहीत आहे मला.

सून : तुम्हाला कसं माहीत?

लेक : तूच सांगितलंस. पट्टी निघाली की पुढचं बोलू. आधी ती काढ.

सून : आणि दुखलं तर?

लेक : दुखलं तर यापुढच्या सगळ्या पट्ट्या मी काढीन. बदली मागून इथे येऊन राहीन. हे बघ, डॉक्टरांनी आपण होऊन आप्पांचं नाव या पट्टीच्या चाचणीत घातलं, मी त्यात कुठेच नव्हते. त्यांच्या आधी बऱ्याच पेशंटना लावून झालीय आणि कुणाला इजा झालेली नाही. पण इतकी पातळ कातडी त्यांच्यात कुणाची नव्हती. माझाही जीव टांगणीला लागलाय, खोटं कशाला बोलू?

सून : तुमच्या यंत्राला विचारायचं ना, आमच्या आप्पांना दुखेल का म्हणून.

लेक : ते त्याला नाही सांगता येत. तेवढं आपल्यालाच बघावं लागतं. चल, पाणी निवेल.

(आतली खोली. ट्रेवरची कात्री वाजते आणि रेडिओ बंद होतो.)

आप्पा : कोण? दोघीदोघी? म्हणजे आज अंतिम सामना दिसतोय.

लेक : आप्पा, ती दांडी सोडा बघू.

आप्पा : पलंग माझा, दांडी माझी. तू तुझा गोंद सांभाळ, डिंके.

सून : डिंके काय, आप्पा! एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ झाल्यात त्या.

आप्पा : शास्त्रज्ञ नंतर झाली. त्याआधी शाळेत असताना हिने माझ्या चपला दारातल्या फरशीला चिकटवल्या होत्या. मी शिटी गळ्यात घालून ऐटीत निघालो, तो सपशेल आडवा. तेव्हापासून ही डिंकी. सूनबाई, चल, आटप. एक-दोन-तीन म्हणतो, तीनला ओढ. हळूहळू करू नकोस. हळूहळू काढलं की हळूहळू दुखतं.

सून : आज ओढायचं नाही म्हणतात.

आप्पा : ओढायचं नाही? मग काय, विनंती अर्ज करायचा पट्टीला?

लेक : जवळजवळ तसंच.

सून : फडकं ठेवते हं, आप्पा. चटका नाही ना बसत?

आप्पा : ठेव, ठेव. हं. एवढंच काय ते सुख असतं. पुढचं आठवलं की तेही जातं. मी आपले डोळे मिटतो. डिंके, बोलत राहा काहीतरी. ते तुझं यंत्र, ते करतं काय नक्की? पेपरात रोज येतं, पण शेवटपर्यंत वाचलं तरी कळत नाही.

लेक : पूर्वी आम्ही काय करायचो, एक मिश्रण करायचं, पातळ पसरायचं, वाळवायचं, मग ओढून बघायचं. नाही जमलं की दुसरं. यात थोडं हे जास्त, ते कमी. अशी इतकी मिश्रणं होऊ शकतात की सगळी करून बघायला दहा जन्म पुरायचे नाहीत. यंत्र काय करतं, आधी झालेल्या मिश्रणांचे निकाल वाचतं आणि न केलेल्यांबद्दल अंदाज बांधतं. म्हणतं, बाकीची सोडा, ही एवढी करून बघा. आम्ही करतो, काय झालं ते त्याला सांगतो. ते पुन्हा अंदाज बांधतं.

आप्पा : म्हणजे अंदाजपंचे.

लेक : मुळीच नाही. मैदानावर नवीन मुलगा नुसता चालत आला तरी तुम्ही म्हणायचात, हा पळणार, हा गोळा फेकणार. पळवून न बघता.

आप्पा : त्यात काय, टाच कशी पडते त्यावरून कळतं.

लेक : किती मुलं बघितल्यावर कळायला लागलं?

आप्पा : हे काय विचारणं झालं? शेकडो. जिंकणारी त्यांत मूठभर. हरणारी बघून बघूनच मास्तरचा डोळा तयार होतो. जिंकणारा पोरगा मास्तरला काय शिकवणार? तो पळतो आणि बक्षीस घेऊन जातो.

लेक : यंत्राचं तेच झालं. आम्ही सुरुवातीला त्याला फक्त जमलेली मिश्रणं दिली, आपली अब्रू राखून. त्याला काही उमगेना. मग फसलेली दिली, तेव्हा कुठे शहाणं झालं. दुसऱ्या दोन-तीन प्रयोगशाळांनीही त्यांची फसलेली दिली. एरवी कुणी देत नाही, लाज वाटते.

आप्पा : हरलेली पोरं उसनी दिली म्हणायची. मोठ्या मनाची माणसं. आणि तरी ते चुकतं?

लेक : भरपूर. एकदा असलं काही सुचवलं, की वासाने अख्खी इमारत रस्त्यावर आली. एक मिश्रण भांड्यातच दगड होऊन बसलं, भांडं फोडावं लागलं. एक छान होतं, पण दुपारी खिडकीपाशी उभं राहिलं की सुटायचं. हे आम्ही करून बघितल्यावर कळतं, त्याला नाही कळत. पण आप्पा, जे करता करता मी म्हातारी झाले असते, ते दीडेक वर्षात हातात आलं. आणि तेवढी वर्षं होती कुठे?

आप्पा : तुला काय घाई होती?

लेक : मला नाही. तुमच्या पायाला.

आप्पा : पायाला सांगतो तसं.

सून : आप्पा, फडकं निवलं. परत बुडवते.

आप्पा : बुडव. मी तयार आहे. तू सांग, की मी मोजायला लागतो.

सून : ताई.

लेक : काय गं?

सून : ताई, पट्टी नाहीये.

लेक : नाहीये म्हणजे?

सून : पायावर नाहीये. आत्ता तर होती. मी हातसुद्धा लावला नाही, शप्पथ. नुसतं फडकं उचललं.

लेक : फडकं उलटं कर.

सून : अगंबाई! ही काय, इथे. फडक्याबरोबर आलीय.

लेक : कातडी बघ. कडा बघ आधी. थांब, पडदा सरकवते. आता नीट बघ.

सून : आहे. सगळी जागच्या जागी आहे. लालसुद्धा झालेली नाही. खालच्या बाजूला नेहमी निघते ना, तिथलीही आहे. ताई, रक्ताचा थेंब नाही हो.

आप्पा : काय कुजबूज चाललीय? मोजू का?

सून : मोजा, आप्पा.

आप्पा : मन घट्ट कर हं, सूनबाई. मध्येच थांबायचं नाही. एक. दोन. तीन! ओढलंस?

सून : नाही.

आप्पा : का?

सून : ओढायला काही राहिलंच नाही. डोळे उघडा.

आप्पा : म्हाताऱ्याची चेष्टा करताय तुम्ही.

सून : हे फडकं. ही पट्टी. आणि हा तुमचा पाय.

आप्पा : कधी निघाली?

सून : तुम्ही हरणाऱ्या पोरांचं सांगत होतात ना, तेव्हा कधीतरी. मलाच कळलं नाही, तर तुम्हाला काय सांगू?

आप्पा : मला काही म्हणजे काही... पुन्हा दाखव ती पट्टी. डिंके, चष्मा दे. हीच होती? सोमवारी दवाखान्यात नर्सने लावली ती? ही तर इतकी घट्ट बसली होती, मी नखाने कड उचलून बघितली तरी ढिम्म हलली नाही.

लेक : नखाने बघितली? कुणी सांगितलं होतं?

आप्पा : माझा पाय, माझं नख.

सून : आप्पा, सायकल आठवते? मी ओरडत होते, सोडू नका, सोडू नका म्हणून. आणि वळून बघितलं, तर तुम्ही लांब गोलपोस्टपाशी कमरेवर हात ठेवून उभे. सीट कधी सोडलीत, मला कळलंच नव्हतं.

आप्पा : सोडताना मीही घाबरलो होतो. तू पडलीस तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू, म्हणून. रडतेस काय? जखम भिजेल.

सून : मी कुठे रडतेय? तुमचेच डोळे भरलेत.

आप्पा : पी.टी.चा मास्तर रडत नसतो. इतका वेळ डोळे मिटून होतो, म्हणून पाणी आलं. आणि डिंके, तू तिकडे तोंड करून काय उभी आहेस?

लेक : पडदा अडकलाय.

आप्पा : पडदा अडकलाय म्हणे. इकडे ये. मला आभार मानायचेत. तुझ्या यंत्राचे आभार कसे मानतात?

लेक : त्याला काही कळत नाही हो, मानले काय आणि न मानले काय.

आप्पा : त्याला नसू दे कळत. मला तर मानायचेत. उद्या गेलीस की सांग, आप्पांनी नमस्कार सांगितलाय.

लेक : सांगते. पण मग यादी वाढेल. आमच्यातली एक मुलगी दिवसरात्र त्याच्यासमोर बसून त्याला शिकवत होती, तिला सांगावा लागेल. ज्यांनी फसलेली मिश्रणं दिली त्यांना. तुमच्याआधी ज्या पेशंटनी लावून घेतली त्यांना. ज्यांचे हात सोलून निघाले त्यांना तर दोनदा.

आप्पा : सगळ्यांना ओळीत उभं कर आणि सांग. माझं बोलणं आहे म्हणून सांग.

लेक : आणि ओळीत पहिली वहिनी.

सून : मी काय केलं? मी तर करायलाच तयार नव्हते.

लेक : आम्ही अडलो होतो, वहिनी. धर आणि सोड, दोन्ही मागायचं हे ठरलं, पण सोड म्हणजे कधी? काहीतरी खूण सांगायला हवी ना यंत्राला? एकजण म्हणे खास दिवा लावू, दुसरा म्हणे खास औषध पुसू. ते घरोघरी कुठून आणायचं? त्याच सुमाराला तू फोनवर खूप रडलीस. म्हणालीस, मी नुसतं कोमट फडकं ठेवून बसते, काही उपयोग नाही हे कळतं, पण तेवढा वेळ आप्पा शांत असतात. मी सकाळी गेले आणि यंत्राला तुझं फडकं मागितलं. म्हटलं, या फडक्याने सुटेल असा गोंद दे. शोधला त्याने. पण काय शोधायचं, ते इथून गेलं.

सून : पण ताई, ते तर मी घाबरून ठेवायचे. मघाशी सांगितलं ना? त्याने काही होत नव्हतं.

आप्पा : मला माहीत होतं.

सून : काय माहीत होतं, आप्पा?

आप्पा : त्या फडक्याने काही होत नाही ते. पाय माझा आहे, मला नाही कळणार? पण तू माझ्यापेक्षा जास्त घाबरायचीस. तुला तेवढा दम घ्यायला लागायचा, म्हणून मी गप्प पडून राहायचो. आणि एक-दोन-तीन काय मी माझ्यासाठी मोजायचो? तुझा हात पुढे व्हायचा नाही. म्हटलं, कुणीतरी हुकूम दिला तर होईल.

सून : मग दांडी का धरायचात?

आप्पा : दांडी माझ्यासाठी.

सून : आणि रेडिओ? मी येतेय कळलं की रेडिओ बंद करायचात, तो कशाला?

आप्पा : त्या वेळेला जुनी गाणी लावतात गं. चांगली असतात. ती ऐकताना पुढे कधी पट्टी आठवू नये, म्हणून.

लेक : आप्पा, पाय सरळ करा. वहिनी, आता ही नवी लाव. कोरडं करून घे आधी. आणि आप्पा, जखम भरेलच असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टर बघतील. पण आता ती पट्टीमुळे वाढायची नाही, एवढं नक्की.

आप्पा : भरेल.

लेक : कशावरून?

आप्पा : डोळा तयार आहे माझा. लाव गं, सूनबाई.

सून : लावली. दुखलं?

आप्पा : लावताना कधी दुखत होतं? आता परत कधी काढायची?

लेक : चार-पाच दिवस राहू दे म्हणालेत. दिवसाआड काढायची गरज नाही.

सून : चार-पाच दिवस? म्हणजे उद्या नाही, परवा नाही. मला या खोलीत काही कामच उरलं नाही की. सुटलात बाबा माझ्या तावडीतून.

आप्पा : सूनबाई.

सून : काय?

आप्पा : तो ट्रे घेऊन जा, कपाटात ठेव आत.

सून : ठेवते. आणखी काही?

आप्पा : उद्या याच वेळेला ये. रिकाम्या हातानं ये. मी रेडिओ चालू ठेवतो.